मास्तरांचा डावा पाय

मास्तर कुणावर ओरडत नसत. ड्रायव्हिंग शिकवण्याच्या धंद्यात ही गोष्ट इतकी दुर्मिळ, की ती ऐकून लोक लांबून लांबून त्यांच्याकडे शिकायला येत. बाकीचे शिकवणारे म्हणजे काय विचारता! गियर चुकला की बोंब, ब्रेक उशिरा लागला की बोंब, आणि भर चौकात गाडी बंद पडली की शिकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. मास्तर मात्र शेजारच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसत, नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत, आणि फार तर "हं, सावकाश," एवढंच म्हणत. ते काय गुणगुणत हे वीस वर्षांत कुणालाही ओळखता आलं नव्हतं. मास्तरांनाही नाही.

त्यांची दुसरी ख्याती अशी, की त्यांच्या शिकवणीत गाडी बंद पडायचीच नाही. पहिल्या दिवशी स्टिअरिंगला हात लावणारी माणसं दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतून गाडी काढायची, तीही एकही आचका न देता. एक दातांचे डॉक्टर तर तिसऱ्याच दिवशी म्हणाले होते, "मास्तर, मला वाटतं माझ्यात उपजतच आहे हे." मास्तर नुसते हसले होते. स्वभावच तसा. समोरच्याला बरं वाटत असेल तर आपण कशाला मध्ये पडायचं!

आता इतकं सगळं असूनही मास्तरांचे निम्म्याहून जास्त विद्यार्थी लायसन्सच्या टेस्टला पहिल्या फटक्यात का आपटायचे, हा प्रश्न कुणीही विचारला असता. विचारायचेही. मास्तरांचं उत्तर तयार असे. "साहेबाचा चेहराच तसा आहे हो. बघितला की माणसाच्या पायातला जीव जातो." टेस्ट घेणाऱ्या साहेबाचा चेहरा खरोखरच तसा असल्यामुळे हे उत्तर सगळ्यांना पटे. दातांचे डॉक्टर दोनदा नापास झाले, तेव्हा त्यांनाही पटलं.

शांतपणा हा मास्तरांचा जन्मजात गुण नव्हता. तो पट्टीनं आला होता. त्यांना गाडी शिकवली ती सख्ख्या काकांनी. काका मालाचा टेम्पो चालवायचे आणि शिकवताना हातात लाकडी पट्टी ठेवायचे. टेम्पो बंद पडला की पट्टी गुडघ्यावर. एकदा चौकात, मागे बस आणि पुढे पोलीस अशा ठिकाणी, टेम्पो सलग सहा वेळा बंद पडला. सहाव्या पट्टीनंतर अठरा वर्षांचे मास्तर स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसून हमसून रडले, आणि बसमधल्या लोकांनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, की पुढेमागे आपण कुणाला शिकवलं तर त्याच्यावर ही वेळ येऊ द्यायची नाही. ठरवलेलं त्यांनी पाळलं. कसं पाळलं ते पुढे येईलच.

त्यांची शाळा म्हणजे इस्त्रीच्या दुकानाला चिकटलेली एक खोली. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, त्यातला अर्धा भाग उन्हानं उडालेला, त्यामुळे 'वळू नका' आणि 'थांबू नका' यांत फरक करता येत नसे. एक बाक, एक टेबल आणि दारात एक पांढरी छोटी गाडी. तिच्या दारांवर निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं: 'शांतपणे शिका. गाडी बंद पडण्याची चिंता विसरा.' हे वाक्य मास्तरांनी स्वतः रचलं होतं आणि त्यांना ते फार आवडायचं.

मास्तरांची बायको आरोग्य केंद्रात नर्स होती. सगळं गाव तिला सिस्टर म्हणे आणि ऐकून ऐकून मास्तरही चारचौघांत सिस्टरच म्हणत. शेजारी चिडवायचे, की या घरात शाळा आणि दवाखाना एकाच छपराखाली आहेत. लेक परगावी शिकायला गेल्यापासून घरात हे दोघंच. बावीस वर्षांचा संसार, भांडणं बेताची, बोलणं त्याहून बेताचं.

तर या सिस्टरांना पन्नाशीच्या तोंडावर गाडी शिकायची होती, आणि त्याला कारण होतं. आरोग्य केंद्राला एक छोटी गाडी मिळाली होती. तिच्यातून लांबच्या वस्त्यांवर जायचं, तान्ह्या बाळांना लस टोचायची, म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर बघायचं. ड्रायव्हर मिळणार नव्हता. जी नर्स गाडी चालवेल तिच्याकडे ही फेरी. सिस्टरांना ती हवी होती, अगदी मनापासून. पंचवीस वर्षं त्या एकाच खोलीत, एकाच खिडकीशेजारी बसून लोकांच्या दंडाला पट्टा बांधत आल्या होत्या. त्या खिडकीतून सायकली लावायची शेड दिसायची, बाकी काही नाही.

डॉक्टरबाईंनी मुदत घातली होती. सोमवारी सकाळी टेस्ट पास झाल्याचा कागद टेबलावर ठेवा, नाहीतर फेरी धाकट्या नर्सकडे. धाकट्या नर्सकडे लायसन्स होतं. फक्त सुई टोचताना ती स्वतःच डोळे मिटून घ्यायची.

सिस्टर तीन वेळा टेस्टला बसल्या होत्या आणि तिन्ही वेळा नापास झाल्या होत्या. तिन्ही वेळा चढावर गाडी बंद पडली. सरावात कधीही न पडणारी गाडी साहेब शेजारी बसला की पडायची. तिसऱ्यांदा नापास होऊन घरी आल्यावर त्यांनी एक शब्द न बोलता कपडे बदलले आणि कपाट आवरायला काढलं. सिस्टर रडत नसत, कपाट आवरत. त्या दिवशी तिन्ही कपाटं आवरून झाली, मग स्वयंपाकघरातले डबे झाले, मग मास्तरांच्या चपलासुद्धा रांगेत लागल्या. मास्तर दारात उभे राहून समजावत होते. "अगं, घाबरतेस तू. साहेबाला बघून पायात जीव राहत नाही तुझ्या."

"हो," सिस्टर डब्याचं झाकण पुसत म्हणाल्या. "नसेल राहत."

चौथी टेस्ट शनिवारी होती. शनिवारी साहेब बारापर्यंतच टेस्ट घेत, आणि सोमवारच्या आधीचा तो शेवटचा दिवस. आज झालं तर झालं.

दहा वाजता दोघं घरून निघाले. सिस्टर चालवत होत्या आणि शेजारी मास्तर गुणगुणत होते. टेस्टचं मैदान नदीपलीकडे, म्हणजे वाटेत मोठा पूल. पुलाच्या चढावर रहदारी मुंगीच्या पावलानं सरकत होती. पुढची गाडी थांबली तसं सिस्टरांनी ब्रेक लावला आणि त्याच क्षणी पायाशी 'टण्ण' असा आवाज झाला. नंतर काहीतरी खरखरलं. पुढची गाडी हलली. सिस्टरांनी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन असं काही किंचाळलं, की पलीकडच्या रांगेतला म्हातारा दचकला. गाडी मात्र पुढे सरकेना.

"क्लच वर येत नाहीये," सिस्टर म्हणाल्या. "खालीच अडकलाय."

मास्तरांनी वाकून बघितलं आणि मग ते ओरडले. वीस वर्षांच्या शिकवणीत आणि बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

"एवढ्या जोरात दाबतात का? पेडल आहे ते, झुरळ नाही!"

 सिस्टरांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सरळ समोर बघत बसल्या. आसपास एखादं कपाट असतं तर त्यांनी ते तिथंच आवरायला घेतलं असतं.

मागे भोंगे सुरू झाले. माणसं उतरली. चारपाच जणांनी गाडी ढकलत पुलाच्या कडेला लावली आणि तेवढ्यात दारावरचं निळं वाक्य वाचूनही घेतलं. "चिंता विसरा म्हणे!" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "मास्तर, आम्हालाही शिकवा की शांतपणे बंद पाडायला." मास्तर ओशाळं हसले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. पण दारं दोन होती आणि पाठ एकच.

गॅरेजवाल्याला फोन केला. हा मास्तरांचा जुना दोस्त. जगातल्या प्रत्येक बिघाडाला माणसाचा मूर्खपणाच कारण असतो असं त्याचं ठाम मत होतं, आणि धंद्यामुळे त्याला रोज पुरावाही मिळायचा. वीस मिनिटांत तो स्कूटरवरून आला. येताच त्यानं गाडीचं दार उघडलं, सीटवर उताणा होऊन डोकं पेडलांखाली घातलं आणि पाय बाहेर काढून पडून राहिला. त्यानंतर मास्तरांचं सगळं बोलणं त्या बुटांशीच चाललं.

सिस्टर थोड्या लांब, पुलाच्या कठड्यापाशी जाऊन उभ्या होत्या. साडेदहा वाजून गेले होते.

"मास्तर," बूट म्हणाले, "तुमच्या बाजूची केबल गेली."

"माझ्या?"

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. शिकणारा गांगरलाच तर शिकवणाऱ्यानं गाडी आवरावी म्हणून. तिथला क्लच दाबला की एका केबलनं शिकणाऱ्याच्या पायाखालचा क्लचही खाली ओढला जातो.

"तुमच्याच. झिजून झिजून धाग्यावर आली होती. आज तुटली आणि तिचं टोक उसळून वहिनींच्या पेडलच्या सांध्यात जाऊन अडकलं. म्हणून तो वर येत नाही." गॅरेजवाला सरपटत बाहेर आला. त्याच्या हातात दोन पेडलांचे दोन रबरी तुकडे होते. "हा तुमचा. बघा, घोटून आरसा झालाय. आणि हा शिकणाऱ्याच्या बाजूचा. दोन्ही मीच बसवलेत, चार वर्षांपूर्वी, एकाच दिवशी. याच्या रेघा अजून हाताला लागतात."

मास्तरांनी दोन्ही रबर हातात घेतले.

"ही केबल अडीअडचणीला असते. महिन्यातून चारदा लागली तरी खूप," गॅरेजवाला म्हणाला. "मला एक सांगा, या गाडीतून शिकतं कोण?"

 मास्तरांना आपला डावा पाय आठवत होता. समोर सिग्नल दिसला की तो आपसूक पुढे जायचा. शिकणाऱ्याचा पाय उचलायच्या आधीच पेडल अलगद खाली जायचं, आणि मग गाडीला आचका बसू नये अशा बेतानं हळूहळू वर यायचं. शिकणाऱ्याचा पाय त्या पेडलवर नुसता बसून फिरून यायचा आणि त्याला वाटायचं, जमलं आपल्याला! हे चूक आहे असं मास्तरांच्या कधी मनात आलं नव्हतं, कारण हे घडतंय हेच त्यांच्या मनात कधी नीट आलं नव्हतं. साहेब मात्र टेस्टला शेजारी बसला की दोन्ही पाय मागे घेऊन बसायचा. तसा नियमच होता.

"आता?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या बाजूची केबल आज मिळणार नाही. तुमचा क्लच काढून टाकतो. ब्रेक राहील. वहिनींचा क्लच एकदम ठणठणीत आहे, नवाच म्हणा ना." गॅरेजवाल्यानं पुन्हा डोकं आत घातलं. "दहा मिनिटं द्या."

त्या दहा मिनिटांत मास्तरांच्या मनात जे आलं ते सांगायला हवं, लाज वाटली तरी. त्यांना वाटलं, गाडी आपण चालवत नेऊ. सिस्टरांना काही सांगायचं नाही. चढावर गाडी बंद पडेल, त्या नापास होतील, आणि आपण म्हणू की घाबरलीस. पुन्हा सगळी कपाटं लखलखतील. धाकटी नर्स डोळे मिटून वस्त्यांवर जाईल. शाळेची अब्रू राहील, निळं वाक्य राहील, आणि सिस्टर रोज संध्याकाळी पाच वाजता केंद्राच्या फाटकाशी त्यांची वाट बघत उभ्या राहतील, जशा इतकी वर्षं उभ्या राहत आल्या. हे शेवटचं मनात आलं तेव्हा मास्तरांना स्वतःचाच थोडा राग आला, कारण सगळ्यात गोड तेच वाटलं होतं.

त्यांनी कठड्याकडे बघितलं. सिस्टर डोळे मिटून उभ्या होत्या. ओठ हलत होते आणि डावा पाय फुटपाथवर हळूहळू खाली दाबून हळूहळू वर उचलत होत्या. बाजूनं जाणारी माणसं वळून वळून बघत होती, पण त्यांचं लक्ष नव्हतं. क्लच, गियर, सावकाश सोडायचं. क्लच, गियर, सावकाश सोडायचं. पंचवीस वर्षं पोरांच्या किंकाळ्या आणि म्हाताऱ्यांच्या शिव्या खाल्लेली ही बाई स्वतःच्या पायाला समजावत होती, की बाबा, आज तरी जीव धर.

मास्तरांना भडभडून आलं. ते तिच्याकडे गेले.

"अगं, ऐक."

"बोलू नका. विसरायला होतं मला."

"ऐक तरी. तुझ्या पायात काही दोष नाही. केबल माझ्या बाजूची तुटली."

सिस्टरांनी डोळे उघडले. "बरं."

"आणि तू आजवर क्लच कधी दाबलेलाच नाहीस. मीच दाबत होतो. गाडी बंद पडू नये म्हणून. पाय आपोआप जायचा गं, मला कळायचंही नाही."

सिस्टरांनी मान नदीकडे वळवली. खालून एक होडी गेली तिच्याकडे बघत राहिल्या.

"माझाच? की सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा," मास्तर घाईघाईनं म्हणाले. हे ऐकून तिला बरं वाटेल अशी त्यांची समजूत होती.

"तीन वेळा," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तीन वेळा मी त्या माणसासमोर खाली मान घालून उभी राहिले. मला वाटलं, माझं वय झालं. मला वाटलं, आपल्याला आता नवीन काही जमायचं नाही. आणि तुम्ही दारात उभं राहून सांगत होतात, तुझ्या पायात जीव नाही."

"चुकलं माझं."

"मघाशी पुलावर ओरडलात. झुरळ म्हणालात."

"पेडल झुरळ नाही असं म्हणालो."

"गप्प बसा!"

 गॅरेजवाला गाडीपाशी उभा राहून पक्कड पुसत होता, तीच पक्कड, पुन्हा पुन्हा.

"आणखी कुठं कुठं पाय ठेवलाय तुम्ही?" सिस्टर म्हणाल्या. "तेही आत्ताच सांगून टाका."

मास्तर विचार करायला लागले, कारण त्यांना वाटलं प्रश्न खरोखरच उत्तरासाठी विचारलाय. बँकेचे फॉर्म तेच भरत. दुकानदारानं सिस्टरांना काही विचारलं तर उत्तर तेच देत. लेकीचा फोन आला की "आई बरी आहे" हे आईच्या आधी तेच सांगून टाकत. यादी लांबायला लागली तसा त्यांनी विचार करणं थांबवलं.

"वहिनी, गाडी तयार आहे," गॅरेजवाला म्हणाला. "मला काहीही ऐकू आलेलं नाही." आणि स्कूटरला किक मारून तो निघून गेला.

अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. मैदान पाच किलोमीटर.

सिस्टर स्टिअरिंगमागे बसल्या. मास्तर शेजारी. गाडी चालू झाली, गियर पडला, एक जबरदस्त आचका बसला आणि गाडी बंद पडली. मास्तरांचा डावा पाय दाणकन पुढे गेला आणि रिकाम्या जागेत आपटला. पुन्हा चालू, पुन्हा आचका, पुन्हा बंद. मागून भोंगे. मास्तर म्हणाले, "हं, सावकाश." पुन्हा बंद. मास्तर म्हणाले, "अगं, थोडं आणखी दाबून मग..." पुन्हा बंद.

"मागे बसा," सिस्टर म्हणाल्या.

"काय?"

"मागच्या सीटवर जा. आणि ते गुणगुणणं बंद करा. वीस वर्षं ऐकतेय, एक सूर धड नाही."

मास्तर उतरले आणि मागे जाऊन बसले. स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. तिथं कुणाचा तरी रुमाल, एक छत्री आणि बिस्किटांचा चुरा होता. पुढे सिस्टरांच्या केसांचा बुचडा आणि एक लालबुंद कान, एवढंच दिसत होतं.

सिस्टरांनी डाव्या पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. अनवाणी पाय पेडलवर ठेवला आणि काही वेळ नुसता ठेवला. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "बाळाची शीर शोधताना मी काय जोर लावते का? बोट ठेवते आणि थांबते. तीच येते बोटाशी." पाय हळूहळू वर येऊ लागला. कुठंतरी मध्येच गाडीच्या अंगात बारीक थरथर आली. सिस्टरांनी पाय तिथंच थांबवला. "ही बघा. ही." गाडी सरकली, चालायला लागली आणि पुलाचा चढ चढून पलीकडे उतरली.

म्हणजे त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. पेट्रोलपंपासमोर गाडी दोनदा बंद पडली. एका वळणावर बंद पडली तेव्हा मागच्या ट्रकवाल्यानं खिडकीतून जे सांगितलं, ते छापता येणार नाही. पण एकूण भाव असा, की बाई, स्वयंपाकघर पलीकडे आहे. सिस्टरांनी काच खाली केली आणि दवाखान्यातल्या आवाजात सांगितलं, "दादा, आवाज खाली. एवढ्या तापानं शीर तडकते डोक्यातली." ट्रकवाला खरंच गप्प झाला. गाडी चालू झाली. मास्तर मागे दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसले होते, कारण खाली ठेवले की डावा ऐकत नव्हता.

आठ वेळा गाडी बंद पडली आणि आठही वेळा ती सिस्टरांनीच चालू केली. बाराला दहा मिनिटं कमी असताना ते मैदानात शिरले.

साहेब फायली बांधायला लागले होते. सिस्टरांना बघून त्यांनी तोच तो चेहरा केला आणि येऊन शेजारच्या सीटवर बसले. आपल्या बाजूचा ब्रेक दाबून बघितला, लागतोय म्हणाले. क्लचची जागा रिकामी दिसली तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या मास्तरांकडे एकदा बघितलं. मास्तरांनी आभाळाकडे बघितलं.

पुढची दहा मिनिटं मास्तर मैदानाच्या तारेला धरून उभे होते. गाडी आठाच्या आकड्यात फिरली. मागे आली, खांबांच्या मध्ये नीट लागली. मग चढावर गेली, निम्म्यात थांबली, निघताना एक आचका बसला आणि बंद पडली.

 मास्तरांना मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, ब्रेक! ब्रेक धरून ठेव! त्यांनी तार घट्ट धरली. चढावर गाडी इंचभरही मागे आली नाही. आत काय चाललंय ते लांबून कळत नव्हतं. मग स्टार्टरचा आवाज आला. मग काहीच नाही, नुसतं थांबणं, मास्तरांच्या हिशोबानं फार जास्त थांबणं. आणि मग गाडी चढाच्या माथ्यावर गेली, एखादी कंटाळलेली म्हैस जाते तशी, अगदी निवांत.

साहेब उतरले. कागदावर सही करून त्यांनी तो सिस्टरांच्या हातात दिला आणि तारेपाशी आले.

"मास्तर, एक विचारू? तुमच्याकडची माणसं गाडी बंद पडली की हात मांडीवर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसतात. जशी काही मीच चालू करून देणार आहे. वर्षानुवर्षं बघतोय. ही बाई पहिलीच, जिनं माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. काय शिकवलंत यांना?"

सिस्टर मागे उभ्या होत्या. मास्तरांना ते कळत होतं.

"मी नाही शिकवलं," मास्तर म्हणाले. "मी मागच्या सीटवर होतो."

साहेबांना हे काही फारसं समजलं नाही. बारा वाजले होते, ते जेवायला गेले.

मास्तरांना आनंद झाला होता, इतका की डोळे भरून आले होते, आणि लाजही तेवढीच वाटत होती. दोन्ही एकदम कसं सांगायचं ते त्यांना सुचेना. ते गाडीकडे गेले आणि सवयीनं शेजारचं दार उघडायला लागले. दार आतून बंद होतं.

सिस्टरांनी काच अर्धी खाली केली. "मी हा कागद आत्ताच डॉक्टरबाईंना दाखवून येते. सोमवारपर्यंत मला दम निघायचा नाही."

"मग चल ना, जाऊ."

"मी जाऊन येते," सिस्टर म्हणाल्या. राग होता, पण आता नुसताच राग नव्हता. "तुम्ही घरी जा. भात लावून ठेवा. मला भूक लागलीय."

गाडी निघाली आणि मैदानाच्या फाटकातच बंद पडली. मास्तर दोन पावलं धावले आणि थांबले. फाटकाशी बसलेला म्हातारा पहारेकरी म्हणाला, "अहो मास्तर, जा की, बंद पडली तुमची गाडी."

"पडू द्या," मास्तर म्हणाले.

स्टार्टर वाजला. गाडी सरकली, फाटकाबाहेर पडली, वळली आणि दिसेनाशी झाली. आरशात बघून सिस्टरांनी हात केला की नाही, ते धुळीत नीट दिसलं नाही.

"काका," मास्तरांनी पहारेकऱ्याला विचारलं, "इथून गावात जायला बस कुठे मिळते?"

वीस वर्षं ते या मैदानावर येत होते, आणि त्यांना ते माहीत नव्हतं.